केरूचा इसावा

साताऱ्याच्या एमआयडीसीत लालासाहेबांच्या कारखान्यात विमानाच्या पंखातल्या फासळ्या बनतात. या फासळ्यांनी आठ वर्षं केरूचं डोकं खाल्लं. ॲल्युमिनियमची जाड पट्टी मशिनवर कोरून पातळ करायची. क्लॅम्पच्या पकडीत आहे तोवर सरळ, सोडली की वाकलीच. दहातल्या तीन भंगारात!

उंब्रजहून रोज एसटीनं येणाऱ्या, दहावी नापास केरूला उपाय सापडला होता. अर्धं कोरून झालं की क्लॅम्प सोडायचे, फासळी वीस मिनिटं मोकळी ठेवायची, मग उलटी करून हलक्या हातानं आवळायची आणि उरलेलं कोरायचं. या थांबण्याला तो ‘इसावा’ म्हणायचा.

“इसावा? आरं, तिरडी हाय का ती?” लालासाहेब डाफरले होते.

“व्हय मालक. तितं बी वज्जं खाली ठिवून म्होरचं मागं करत्यात. हितं बी त्येच.”

पण विमानाच्या धंद्यात गिऱ्हाइकानं एकदा मंजूर केलेली कृती कुणाच्या बापाला बदलता येत नाही. केरू त्या नियमाला रोज शिव्या घालायचा. शेवटी क्वालिटी विभागातल्या साक्षी नावाच्या पोरीनं वर्षभर मोजमापं जमवून परदेशी गिऱ्हाइकाला पाठवली, तेव्हा उत्तर आलं: पाच फासळ्या करून दाखवा. एक जरी वाकली तरी विषय कायमचा बंद. आणि महिनाअखेरीला केरू निवृत्त होणार होता.

चार सरळ निघाल्या. पाचवी इसाव्याला ठेवली आणि लालासाहेबांचा धीर सुटला. “बारा मिन्टं झाली. आवळ की आता!”

“आजून आठ हायती, मालक.”

“चार जमल्या न्हवं?”

“जमल्या त्या इसाव्यानंच. हात लावू नगा!” मालकावर आपण ओरडलो, हे केरूला नंतर कळलं.

फासळी पुरी झाली. साक्षीनं वाक मोजायचा डायल लावून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. काटा जरासा थरथरला आणि जागेवरच राहिला. “काका, सरळ! एकदम सरळ!” ती किंचाळली. लालासाहेबांनी तेलकट केरूला पांढऱ्या शर्टानिशी मिठी मारली. केरूचा आनंद तर पोटात मावत नव्हता.

मंजूर झालेल्या कृतीचा कागद आला तो नेमका केरूच्या शेवटच्या दिवशी. सगळा इंग्रजीत. साक्षीनं चौथ्या पायरीवर बोट ठेवून वाचलं, “इसावा, वीस मिनिटं.” मग ती ओशाळली. “काका, तुम्ही म्हणता तसंच मी टाइप केलं होतं. त्यांना वाटलं, या कामातला काहीतरी खास शब्द असेल.”

“आगं, विसावा पायजे त्ये,” लालासाहेब म्हणाले. “एवढं दुरुस्त करून घे.”

“आता नाही करता येत, साहेब. मंजूर झालंय. एक अक्षरसुद्धा बदलता येत नाही.”

केरूनं डोळे पुसले आणि ज्या नियमाला रोज शिव्या घातल्या, त्याला मनापासून हात जोडले.