पाखरं हाकलणारी पट्टी

खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा. विळा, कात्री, शिलाई मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू वाहून मी भाऊजींच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डाकडे वळले. त्यालाही हळद-कुंकू लावलं. मग फुलानं चार थेंब शिंपडायचे, तर मी भक्तीच्या भरात तांब्याच कलंडवला. वायर भिंतीत तशीच. कर्र झालं, वास सुटला... तेव्हा मी अवघी पासष्टीची. अक्कल यायची होती.

गोविंदभाऊजी, माझे धाकटे दीर, गेल्या महिन्यात गेले. तलमडुगूजवळच्या आमच्या गावात दिवसा भाजीचा मळा, संध्याकाळी भजनात पेटी, असं त्यांचं आयुष्य. म्हातारपणी कीबोर्ड आणला तेव्हा मी हसले. ते म्हणाले, "पेटीत आहे तेवढंच वाजते, वहिनी. याच्यात आपलं भरता येते." मग माझा खलबत्ता, बैलांच्या घुंगुरमाळा, रहाटाची कुरकुर, जे कानाला भावेल ते यंत्रात घ्यायचे आणि एकेका पट्टीवर बसवायचे. अगदी उजवीकडच्या पट्टीवर त्यांची बायको, माझी जाऊ कमल होती. जवारीत दाणा भरला की मचाणावरून ती पाखरं हाकलायची, "होऽऽऽ हा!" ती आरोळी. पुढच्या हंगामाला कमल उरली नाही, आरोळी उरली. भजनात मधेच ती घुमायची. मंडळी चिडायची, "भजनात पाखरं काऊन हाकलून राह्यले?" भाऊजी म्हणायचे, "तुमचं मन बसते का एका जागी?"

ती आरोळी दुसरीकडेही साठवून ठेवावी, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. मी कीबोर्ड उन्हात ठेवला, पंख्याखाली ठेवला, देवापुढेही ठेवला. शेवटी आम्ही दोघं मंचेरियलला गेलो. दुरुस्तीवाला म्हणाला, "अम्मा, मशीन बोलेगा. पुराना आवाज नहीं आएगा."

मशीन बोललं. भाऊजींनी खलबत्ता पुन्हा भरला, घुंगरं भरली. "मी ओरडते ना कमलसारखी," म्हणत मी मळ्यात उभी राहून आरोळी ठोकली. पाखरं जागची हलली नाहीत, शेजारची म्हैस तेवढी दावं तोडून पळाली. भाऊजी पोट धरून हसले, पण त्या पट्टीवर काही बसवलं नाही. भजनात आरोळीची जागा आली की ती मुकी पट्टी दाबायचे, थांबायचे, पुढे जायचे.

आता कीबोर्ड त्यांच्या खोलीत आहे. मी एकेक पट्टी दाबून पाहते. खलबत्ता आहे, रहाट आहे. सगळ्यांचे आवाज धरून ठेवणाऱ्या माणसानं स्वतःचा एक शब्दही आत ठेवला नाही, आणि आता भरा म्हणून कुणाला सांगणार... शेवटी बोट त्या मुक्या पट्टीवर येतं. मंचेरियलहून परतताना बसमध्ये मी पदर तोंडाशी धरून बसले होते. खिडकीबाहेर जवारी उभी होती. तिकडे पाहत भाऊजी म्हणाले होते,

"रडता काऊन, वहिनी? कमल सवाष्ण गेली होती. आता पुन्हा गेली, तं पुन्हा हळदी-कुंकू लावूनच धाडली तुमी."