आवाज भरायचा डबा

माझं माहेर वेल्हे तालुक्यातल्या पासलीचं. पुढं शिकायला भोरला आले आणि लग्न होऊन भोरातच राहिले. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी ‘पानी’ म्हणाले, तेव्हा मागच्या बाकांवरचं हसणं बराच वेळ थांबलं नाही. त्या वर्षी मी रेडिओवरच्या बातम्या ऐकून आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून बोलणं घासूनपुसून घेतलं. ण सुधारला. ‘न्हाई’ गेलं, ‘व्हय’ गेलं. इतकं गेलं, की मी वेल्ह्याकडची आहे हे सासरच्या गल्लीत सांगूनही कुणाला पटायचं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या जोरावरच पुण्यातल्या एका स्टुडिओनं माझा आवाज निवडला. शाळेच्या मुलांसाठी ते धड्यांच्या सीडी काढत. एसटीनं स्वारगेटला जायचं, दोन धडे वाचायचे, परत यायचं. दिवस प्रवासातच संपायचा. शेवटी स्टुडिओचे मालक म्हणाले, घरीच आवाज भरा आणि सीडी पाठवून द्या.

नवरा बँकेत होता. त्यानं हौसेनं कॉम्प्युटर घेतलेला होता. माईक त्याच्या मागं खोचला आणि वाचलं, तर माझ्या प्रत्येक शब्दामागं घरघर, जशी भिंतीपलीकडं पिठाची गिरणी चालू असावी. नवऱ्यानं पत्रा उघडून आत नवीन साउंड कार्ड बसवलं. घरघर बारीक झाली, पण गेली नाही. मालकांनी ऐकून फोनवर सांगितलं की कॉम्प्युटरच्या पोटात पंखा असतो, वीज खेळत असते. आवाज तिथं शिरायच्या आधी बाहेरच आकड्यांत बदलून घ्यायला हवा. त्यासाठी बाहेरून जोडायचा कन्व्हर्टर मिळतो. कोणता घ्यायचा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही दोघं पुण्यातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर कन्व्हर्टरचे तीन डबे मांडले आणि सगळी माहिती नवऱ्याला दिली. एक प्लास्टिकचा, हलका, आमच्या माईकची बारीक पिन त्यात बसायची. दुसऱ्याला आठ माईकसाठी आठ भोकं, त्याचा वेगळा अडॅप्टर. तिसरा लोखंडी, दोनच भोकांचा; जाड तीन काड्यांच्या वायरचा चांगला माईक त्याला लागायचा, त्या माईकला लागणारी वीज तोच पुरवायचा, आणि स्वतः कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालायचा. नवऱ्याचा डोळा आठ भोकांवर होता. पुढंमागं उपयोगी पडेल, म्हणाला. मी म्हटलं, बोलणारी मी एकटी. शिवाय भोरला भारनियमन असायचं आणि इन्व्हर्टर सुरू झाला की आमच्या टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर गुणगुणायला लागायचा. आणखी एक अडॅप्टर मला नको होता.

राहिले दोन. ते आळीपाळीनं लावून दाखवा, असं मी दुकानदाराला सांगितलं. त्यानं विचारलं, काय बोलू.

“काही बोलू नका. गप्प राहून भरा.”

त्यानं नवऱ्याकडं पाहिलं, मग भरलं. मी हेडफोन लावला. प्लास्टिकच्या डब्यात तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चुरचुर होती. लोखंडीत रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, दुकानदाराचा श्वास ऐकू आला, आणि त्यामागं काहीच नव्हतं. मी तोच घेतला, माईकसकट. पुडकं बांधताना दुकानदारानं नवऱ्याला विचारलं, साहेब गाता का. नवऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. “हां, मॅडमना छंद आहे,” दुकानदार म्हणाला. मी पुडकं उचललं.

घरी आवाज घुमू नये म्हणून कपाटाची दोन्ही दारं उघडी टाकून त्यांवर गोधड्या सोडल्या आणि मधे बसून वाचू लागले. निवड चुकली नव्हती. डबा सगळं पकडायचा: ओठ सुटल्याचा आवाज, गिळलेला आवंढा. आणि दमल्यावर माझा ण अजून न कडं सरकतो, हेही त्यानंच मला दाखवलं. ते शब्द मी पुन्हा भरायची. पुष्कळ धडे असे गेले. मालक खूश होते.

मग एकदा त्यांचा फोन आला. धुण्याच्या साबणाची जाहिरात होती, टेम्पोवर भोंगा लावून गावोगाव वाजवायची. त्यांना गावाकडच्या बाईचा आवाज हवा होता. मला झालेला आनंद मी नवऱ्यालाही सांगितला नाही. इतक्या वर्षांनी माझं बोलणं कुणी मागत होतं. मी कपाटापुढं बसले आणि आई, चुलत्या जशा बोलतात तशी बोलले. “आमी लई वर्सं ह्योच साबण वापरतोय. चिखलाची कापडं बी निगत्यात.” गळा मोकळा झाल्यासारखा वाटला.

मालकांनी ऐकलं आणि म्हणाले, फार साधं झालं. गावाकडचं वाटत नाही.

“मी गावाकडचीच आहे,” मी म्हटलं.

“तुम्ही आहात हो. पण ऐकणाऱ्याला तसं वाटायला पाहिजे ना.”

मग त्यांनी फोनवर स्वतः बोलून दाखवलं. सुरुवातीला ‘अगं बया’, मधे ठसका, शेवटचा शब्द ओढून नाकात. मी ‘जमणार नाही’ म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्यांनी सांगितलं तसं भरलं, आणि डब्यानं तेही तितकंच स्वच्छ घेतलं. मालक म्हणाले, आता बरोबर.

भात झोडायच्या दिवसांत मी पासलीला गेले होते. आम्ही खळ्यावर होतो आणि खालच्या रस्त्यानं टेम्पो आला. भोंग्यातून ‘अगं बया’ ऐकू आलं आणि माझे हात थांबले. दोघीतिघी बाया ऐकत उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. आईनं पेंढी खाली ठेवली.

“ही कोन बाई गं? आपल्यावानी बोलाया जातीया आन् आपल्यालाच हसतीया.”

“आई, ती मीच.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. असता तर बरं झालं असतं.

“तू? तुला आपलं बोलाया येत न्हाई व्हय आता?”

मी म्हटलं, त्यांना तसंच हवं होतं. “मंग त्यास्नीच बोलू द्यायचं हुतं,” एवढं म्हणून तिनं पेंढी उचलली.

जाहिरात चालली. पाठोपाठ बियाण्याची, पंपाची अशी कामं आली, सगळ्यांना तीच बया हवी होती. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा फोनच आला नाही. धडेही थांबले. का, हे मालकांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढं कळलं की पुण्यातली एक नाटकात काम करणारी मुलगी दोन्ही कामं करते, शुद्धही आणि गावाकडचंही. दोन्ही तिला सारखंच परकं असेल, म्हणून दोन्ही जमत असेल.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आई भोरला आमच्याकडं राहिली, तेव्हा मी डबा पुन्हा जोडला. तिला म्हटलं, भात कसा लावता ते सांग, जसं मला सांगतेस तसं. आईनं पदर सारखा केला, माईकपुढं ताठ बसली, आणि शाळेत साहेब आल्यावर पोरं बोलतात तसं म्हणाली, “आम्ही भात लावतो. पाणी भरपूर लागते.” ण वर तिची जीभ अडखळली. तिनं थांबून तो शब्द पुन्हा म्हटला.

“असं नको गं आई,” मी म्हटलं. “तुझं बोल.”

“हे मशीन चांगलं हाये,” ती म्हणाली. “त्यात वंगाळ कशाला भरायचं?”

मी खूप समजावलं. ती ऐकेना. तेवढं भरलं आणि मी वायर काढली.