दुसरं कार्ड

बाबा तीस वर्षं वीजकेंद्रात वायरमन होते. निवृत्तीनंतरही चांदवडचे पाहुणे घर बांधायला काढलं की आधी त्यांना फोन करायचे. लोड किती येईल, वायर किती जाडीची घ्यायची? बाबा आकडेमोड करून सांगायचे. त्यांचा हिशेब कधी कुणी तपासला नाही. मीही नाही.

मी घरून बिल्डरांसाठी इमारतींची थ्रीडी चित्रं करते. काम वाढलं तेव्हा कॉम्प्युटरमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवायचं ठरवलं. दोन कार्डांना जुना पॉवर सप्लाय पुरणार नव्हता. नवा कोणता घ्यायचा, हे मी मुद्दाम बाबांना विचारलं. आई गेल्यापासून ते फार गप्प झाले होते.

ते कागद-पेन घेऊन बसले. "साडेसहाशे वॅट होतात. साडेआठशेचा घे, बक्कळ झाला."

मी बाबांना घेऊन द्वारका चौकाजवळच्या दुकानात गेले. दोन कार्डांसाठी साडेआठशेचा मागितल्यावर दुकानदार चपापला. "काका, कार्डं दोन आहेत ना? मग बाराशेच्या खाली जाऊ नका."

"लोड काढण्यात माझा जन्म गेला," बाबांचा आवाज चढला. "मला शिकवू नका."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याचं म्हणणं बरोबर असावं, असं मला तिथेच वाटलं होतं. पण चारचौघांत बाबांना खोटं कसं पाडायचं? मी म्हणाले, "साडेआठशेचाच द्या."

दोन्ही कार्डं जोरात चालू लागली की मशीन फटकन बंद पडायचं. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा बाबा म्हणाले, "सप्लायचा दोष नाही. सॉकेटचं अर्थिंग ढिलं असणार." मी चहा ठेवायला आत गेले आणि धप्पकन आवाज आला. येऊन पाहते तर बाबा फरशीवर पडलेले, भिंतीवरचा बोर्ड उघडा. मेन स्विच चालूच होता. साधा बल्ब बदलायचा तरी मेन बंद केल्याशिवाय मला हात लावू न देणारा हा माणूस.

शॉकमधून वाचले. पडताना मनगट मोडलं.

दवाखान्यातून आल्यावर मी त्यांचा कागद शोधला. कार्ड साडेतीनशे, प्रोसेसर दोनशे, बाकीचं शंभर. बेरीज बरोबर होती. दुसरं कार्ड मात्र त्यात नव्हतंच.

पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "विसरण्याचा आजार आहे. बरेच दिवस चालू असेल. तुमच्या लक्षात नाही आलं?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं नव्हतं. भाजी आणायला गेलेले बाबा दोनदा रस्ता चुकले होते. आईच्या जाण्याने असं होतंय, अशी मी माझी समजूत घातली होती.

मी बाराशेचा सप्लाय आणून बसवला. खोका बाबांच्या नजरेला पडला. हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून म्हणाले, "मी लोडचा हिशेब सांगतो, तू लिही." तीनदा सांगितलं. दर वेळी काहीतरी सुटत होतं. त्यांच्या ते ध्यानात आलं, कारण मी लिहायची थांबले होते.

"दुकानात तुला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

"मग बोलली का नाहीस?"

मी कागदाची घडी घालू लागले. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. त्या दिवशी दुकानात मी बोलले असते तर बाबा चार दिवस माझ्यावर रागावले असते, एवढंच.