दारातल्या चपला

तुम्ही कधी स्वतःच्या चपला पदराखाली लपवून चाललात? नसाल, तर कौतिकाला हसायचा हक्क तुम्हाला नाही.

कौतिका नागपूरच्या इंदोऱ्यातली. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तिशीतच पाठ अशी धरली, की उठताना भिंतीचा आधार लागायचा. सत्त्याहत्तर साली वस्तीतल्या व्यायामशाळेत दुपारची वेळ बायकांसाठी सुरू झाली. शिकवायला सिंधूताई. बायकांच्या प्रगतीवर भाषणं ठोकणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांच्या बायकासुद्धा त्या दारासमोरून मान खाली घालून जायच्या. कौतिकाही जायची, हातात रिकामी घागर घेऊन. कोणी विचारलंच, तर नळावर चालले म्हणायला.

बैठका मारायला ती तयार होती. अडत होतं चपलांपाशी. आखाड्याच्या लाल मातीला पायताण लागू द्यायचं नाही, दाराबाहेरच काढायचं, हा तिथला रिवाज. आणि कौतिकाच्या चपला साऱ्या गल्लीच्या ओळखीच्या. नवऱ्यानं, देवाजीनं, टायरचे तळ ठोकून दिलेल्या, वर निळा पट्टा. समोरच नळ, आणि नळावर सगळ्यांत पुढे तिची सासू अंजनाबाई. चपला दिसल्या की संपलं. मग टोमणे सासूला, आणि सासूचं तोंड घरी हिला.

शेवटी एका दुपारी पाठ इतकी ठणकली, की तिनं गल्लीच्या तोंडाशी चपला काढल्या, काखेत मारल्या, वरून पदर ओढला आणि नळावरच्यांची नजर चुकवून अनवाणी आत शिरली. माती कपाळाला लावायला वाकली, तशा दोन्ही चपला निसटून थेट आखाड्याच्या मधोमध पडल्या.

सिंधूताई जवळ आली. आवाज चढवला नाही.

"काहून वं, कोनाले भेतं तू? चोरीच्या आहेत काय ह्या?"

मातीचं आपण बघू, पण चपला जागेवर तूच नेऊन ठेव, असं तिनं सांगितलं.

चोरीच्या. तो शब्द कौतिकाला झोंबला. ज्या चपला घालून ती उन्हातान्हात विड्यांचे कट्टे पोचवायची, त्या आज चोरासारख्या काखेत? ती तणतणत बाहेर गेली, नळाकडे तोंड करून उंबऱ्यापाशी चपला आपटल्या, आत आली, काष्टा खोचला आणि बैठकांना लागली.

नळावर कुजबुज उठली. देवाजीची बायको आता पहिलवान होऊन राहिली, असं कोणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणालं. मग दारात अंजनाबाईची सावली पडली. कौतिकाचे गुडघे अर्ध्यातच थांबले.

"कौतिके, एक चप्पल उलटी पडली होती वं. घरात भांडण लागते अशानं. सरळ केली म्या."

एवढं बोलून म्हातारी नळाकडे वळली.

"माही सून आहे. पाहाचं असन तं आत जाऊन पाहा."

कौतिकानं अडलेली बैठक पुरी केली.

पुढे सिंधूताईनंतर दुपारची वेळ तिनंच चालवली. पाठ ताठ, आणि आवाज त्याहून ताठ. अंजनाबाई आत कधी आली नाही. पण पाणी भरून परतताना दारातल्या साऱ्या चपला पायानं सरळ करून जायची, आणि सुनेची जोडी हातानं.

तुमच्याही वस्तीत असं एखादं दार असेल. तिथे बाईच्या चपला दिसल्या, तर त्या कोणाच्या हे ओळखत उभ्या राहू नका. बायांनो, शेजारी आपल्याही काढा, सगळ्यांना दिसतील अशा, आणि आत जा.