आफिफाचा पाय

२४ एप्रिल २०२५, गुरुवार. सकाळी उठताना कमरेत उसण भरली. आफिफाने पाय लावला, बरे वाटले. व्यंकटराव आमच्या गच्चीवर हळद वाळत घालून गेले. उकाडा फार. पश्चिमेला आभाळ.

दुपारपर्यंतचं एवढं लिहून ताराबाईंनी पेनाला टोपण लावलं. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय लग्न होऊन औंढ्याला आल्यावरही सुटली नव्हती. नवरा दत्तोपंत, गावोगाव टपाल वाटणारे पोस्टमन, गेल्यानंतर तर दिवस लिहून ठेवला नाही तर तो झालाच नाही, असं त्यांना वाटे.

शेजारच्या खुर्शीदबी देवळाच्या रस्त्यावर बांगड्या विकत. त्या परत येईपर्यंत त्यांची नात आफिफा ताराबाईंकडे असे. पोर पायाळू, जन्मताना पायाकडून आलेली. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, म्हणून गल्लीतलं कुणीही तिला हाक मारी, आणि तीही ऐटीत पाय लावून येई.

आभाळ गरजलं. पलीकडच्या घरातले व्यंकटराव पोती घेऊन ताराबाईंच्या गच्चीकडे धावले. ताराबाई खिडक्या लावून वळल्या तर आफिफा घरात नव्हती.

खाटेखाली नाही. मोरीत नाही. चपला दारात तशाच. पोर अनवाणी गेली कुठे? खुर्शीदबींच्या दाराला कुलूप. धुळीनं समोरचं दिसेना. “आफिफा! अगं ए आफिफा!” हाक वाऱ्यानं माघारी येत होती. खुर्शीदबींना काय तोंड दाखवायचं?

मागच्या मोकळ्या प्लॉटात कडुलिंबाखाली लाल फ्रॉक दिसला. विजा चमकत असताना झाडाखाली! कमर धरून त्या पळाल्या.

“आजी, इकडं येऊ नका! दूर जा तुमी!” आफिफा ओरडली.

ताराबाईंनी दंडाला धरून तिला सुरू झालेल्या पावसातून ओढतच घरी आणलं.

“काहून पळालीस?”

“ईज मला हुडकून राहिली. व्यंकटकाका बोलले नं सकाळी. मी घरात बसले तर तुमच्यावरबी पडंल.”

ताराबाईंचा हात तिच्या ओल्या केसांवर थांबला. ‘पायाळू पोरगी हाय काकू, ईज बराबर हुडकत येती हिला, जरा दूर बसा!’ असं व्यंकटराव खरंच बोलले होते. त्या पालथ्या पडल्या होत्या, पोरीचा पाय पाठीवर होता, आणि त्याही हसल्या होत्या.

“आजोबा पण पायाळू होते,” त्या म्हणाल्या. “पावसापाण्यात सायकलवर पुसेगावपर्यंत टपाल न्यायचे.”

“मंग मेले नं?”

“मेले. म्हातारे होऊन, थंडीच्या दिवसात, अंथरुणावर.”

“ईज न्हाई पडली?”

“नाही. वीज पायाळू बघत नाही. उंच झाडावर पडते, मोकळ्यावर पडते. म्हणून घरात बसायचं.”

आफिफा विचार करत होती. तिला पटलं की नाही, कळेना. प्रत्येक गडगडाटाला ती ताराबाईंपासून थोडी लांब सरके.

तेवढ्यात व्यंकटराव हळदीचं फुटकं पोतं ओढत आत आले आणि कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकले.

“आई गं! भरली उसण. आफिफा, ये गं माय, पाय लाव.”

“न्हाई. ईज येईल तुमच्यावर.”

“आता?” ताराबाई म्हणाल्या. “घाला अजून गंमत लेकरांच्या डोक्यात! पोर झाडाखाली जाऊन बसली होती, मला वाचवायला. खोटं बोललो म्हणून सांगा तिला.”

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. “झूट होतं बाळा. उगं मस्करी केली. ईज आली तर येऊ दे, मी इथून हलत न्हाई.” आणि ते फरशीवर पालथे पडले.

आफिफानं ताराबाईंचा पदर मुठीत धरला आणि पाय उचलून व्यंकटरावांच्या पाठीवर ठेवला. त्याच वेळी आभाळ फाटल्यासारखं कडाडलं. पोरीनं डोळे घट्ट मिटले. पण पाय काढला नाही.

संध्याकाळी खुर्शीदबी तिला घेऊन गेल्यावर ताराबाईंनी रोजनिशी उघडली. दुपारी लिहिलेली ‘आफिफाने पाय लावला’ ही ओळ पुन्हा वाचली; झाडाखालचं काही लिहिलं नाही. मग लिहिलं: हळदीचे पोते फुटून बाहेरच्या खोलीतली फरशी पिवळी झाली आहे. उद्या सोड्याने पुसायची.