तिसऱ्या अंतऱ्याच्या अलीकडे

मोठ्या कलाकारांच्या आधी वाजवणाऱ्या बँडला टाळ्या कमी मिळतात, किस्से मात्र पोतं भरून! आमचा 'सीनाकाठ' बँड नगरचा. मी ड्रमवर, मोसीन कीबोर्डवर आणि गायला वैशाली. मुंबई-पुण्याचा कुणी स्टार जिल्ह्यात आला की त्याच्या आधी थोडा वेळ आम्ही. प्रॅक्टिसनंतर चहाला बसलो की गाणी राहतात बाजूला आणि याच गोष्टी निघतात.

* * *

नगरमधला आमचा पहिलाच शो. आम्ही जीव तोडून वाजवतोय आणि समोर खुर्च्या लावायचं काम चालू! गाणं संपल्यावर पुढचा एक माणूस उठून स्टेजजवळ आला. मला वाटलं, कौतुक करणार.

"मेन बँड कधी येणारे?"

"अजून तासभर आहे."

"मग बरंय. जेवून येतो!"

आणि खरंच जेवून आला. येताना बायको-मुलांनाही घेऊन आला!

* * *

स्टारचा ड्रमसेट स्टेजच्या मधोमध असतो, चादर पांघरून. त्याला कुणी हात लावायचा नाही. मग माझा सेट जागा मिळेल तिथे. राहुरीला जागा मिळाली जनरेटरशेजारी, एका मोठ्या फ्लेक्समागे. मी त्या दिवशी काय वाजवलाय म्हणता! आई मुद्दाम बघायला आली होती. घरी आल्यावर तिला विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

"छान झाला रे. पण तू का नाही आलास?"

* * *

शिर्डीला एका लॉनवर आम्ही स्टारच्या आधी वाजवत होतो. वैशालीने वरचा सूर लावला आणि नेमका तेव्हाच निवेदक माईकवर आला. "पांढरी ओम्नी कुणाची आहे? रस्ता अडलाय, ताबडतोब काढा!"

ओम्नी आमचीच! मोसीन कीबोर्ड सोडून पळाला. वैशालीने गाणं तसंच रेटलं. थोड्या वेळाने मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्ही खूश!

मोसीन धापा टाकत परत आला. म्हणाला, "गाडी एका झटक्यात रिव्हर्स काढली, म्हणून वाजवल्या."

* * *

पण आमचा खरा शत्रू म्हणजे सत्कार! स्टारची गाडी गेटवर आली की कमिटीवाले शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर चढतात. "आता तुम्ही थांबा," म्हणतात आणि आमचं गाणं जिथे असेल तिथे संपतं.

वैशालीने आपल्या आईवर एक गाणं लिहिलंय. सुंदर गाणं! ते आम्ही शेवटी ठेवतो आणि ते दरवेळी दुसऱ्या अंतऱ्यालाच कापलं जातं. तिसरा अंतरा सगळ्यात सुंदर, पण तो कुणी ऐकलाच नव्हता. आईनेसुद्धा! वैशालीचा हट्टच होता, "आईला तो भरल्या मैदानातच ऐकवणार." दरवेळी माईक ठेवताना तिचा चेहरा बघवायचा नाही.

* * *

आणि मग आली काष्टीची जत्रा. वैशालीचं माहेर! आई अगदी पुढच्या सतरंजीवर. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे तिचे सख्खे चुलते, बापूकाका. आणि स्टारची गाडी अडकली कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे!

बापूकाका धावत आले. "वाढवा! पाव्हणं यीस्तवर काय बी वाजवा!"

जन्मात पहिल्यांदा कुणी आम्हाला 'वाढवा' म्हणालं! वैशालीने लगेच आईचं गाणं धरलं. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. मी सवयीने विंगेकडे बघितलं. कुणीच नाही! तिसरा सुरू झाला. तिची आई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

अंतरा संपत आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या गाण्याचा शेवट आम्ही कधी बसवलाच नव्हता! दरवेळी तो सत्कारवाल्यांनीच केलेला!

"थांबायचं कुठं?" मोसीन ओरडला.

मला तरी कुठे माहीत! वैशालीने परत धृपद घेतलं. मग परत. एव्हाना गावाला ते पाठ झालं होतं. आधी बायकांनी उचललं, मग सगळ्या मैदानाने! आम्ही वेड्यासारखे वाजवत होतो.

तेवढ्यात स्टार आला. त्याचा मॅनेजर बापूकाकांच्या कानाशी लागला, "साहेब आलेत. यांना थांबवा आणि सत्कार उरका."

बापूकाका शाल आणि नारळ घेऊन पायऱ्या चढायला लागले. वैशालीने ते पाहिलं आणि तिचा आवाज अडखळला. मैदान मात्र गातच होतं. काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा खाली तोंडाला पदर लावून बसलेल्या आपल्या वहिनींकडे. मग तसेच माघारी फिरले, शाल स्टारच्या खांद्यावर टाकली, नारळ त्याच्या हातात दिला आणि हात जोडून म्हणाले,

"पाव्हणं, आता तुमी थांबा. आमच्या पोरीचं अजून चालू हाय!"