नवव्या प्रश्नाचं उत्तर

एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून रित्सुको इतकी नेटकी झाली होती, की कागदावरची फुलीसुद्धा पट्टी धरून मारल्यासारखी मारी. तिने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आणि खोटं बोलण्याची तर तिला अक्कलच नव्हती. त्सुयानो आत्याने तिला सातव्या वर्षापासून सांभाळलेलं. आत्याला विसर पडू लागला तेव्हा कोर्टाने तिलाच पालक नेमलं.

आत्या आता वृद्धाश्रमात, खिडकीजवळच्या एकटीच्या खोलीत होती. ती खोली टिकवायची तर समुद्राकडचं तिचं रिकामं घर भाड्याने देणं भाग होतं. नाहीतर आत्याची रवानगी दोन तास दूर, सहाजणींच्या खोलीत. भाडेकरू मिळाली होती, पण पालक झाली म्हणून रित्सुकोला घर परस्पर देता येईना.

"आजींचं राहतं घर आहे ते, न्यायालयाची परवानगी लागणारच," कारकून म्हणाला. "सगळ्या खोल्यांचे फोटो जोडा. आणि नववा प्रश्न नीट वाचा हं, बाई. आजी तिथे परत राहायला येतील का? 'येतील' लिहिलंत तर विसरा परवानगी."

एका दुपारी ती फोटो काढायला गेली. दार सरकवून बूट काढले. परक्या घरात शिरताना तिच्या गावात "त्रास देते हं" म्हणायची रीत होती, स्वतःच्या घरात "आले गं". कायद्याने हे घर परकंच, पण जीभ कुठे कायदा वाचते!

"आले गं," रित्सुको म्हणाली.

"आलीस? ये," आतून आत्याचा आवाज आला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आत कोणी नव्हतं. जमिनीवर बोटभर धूळ, तिच्यावर एक पाऊल नाही. स्वयंपाकघराचा फोटो हलला, तर या बाईने तशातही तो पुन्हा काढला.

संध्याकाळी वृद्धाश्रमातली नर्स हसत सांगू लागली, "तुमच्या आत्या दुपारी अडीचला झोपेत ओरडल्या, 'आलीस? ये.' मी दारातच होते. म्हटलं, आजी, सकाळपासून इथेच राबतेय की!"

रित्सुकोला हसू आलं नाही. पहिला फोटो अडीचचाच होता.

त्यानंतर ती आणखी चार वेळा गेली. फोटो नीट आले नाहीत, असं स्वतःलाच सांगून. दर वेळी उत्तर आलं. तिच्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीत तिला कधी कोणी "ये" म्हटलं नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी त्या एका शब्दाचं तिला वेड लागलं. भीती वाटायची, तरी जायची.

शेवटी वृद्धाश्रमात आत्याजवळ बसून तिने विचारलं, "आत्या, घर भाड्याने देऊ?"

"दे की. बंद घराला कुबट वास येतो." आत्या खिडकीबाहेर बघत होती. "पण मी तिथे नाही असं कशाला सांगतेस?"

"मी कुठे सांगितलं?"

"सांगशील."

त्या आठवड्यात रित्सुकोने नवव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'नाही.' आयुष्यात पहिल्यांदा तिचं अक्षर वाकडं आलं. खोली वाचवायची होती, आणि दुसरं काही लिहून वाचणार नव्हती.

दीड महिन्याने परवानगी आली. भाडेकरू, शाळेत स्वयंपाक करणारी कासुमी, किल्ली घ्यायला घरी आली. दोघी दारात उभ्या राहिल्या.

"त्रास देते हं," रित्सुको म्हणाली. या घरात हे शब्द तिने कधीच उच्चारले नव्हते. आत सगळं शांत राहिलं.

"मला नको तसं म्हणायला, आता माझंच घर ना!" कासुमीने हसत बूट काढले. "आले गं!"

"आलीस? ये."

ते "ये" रित्सुकोसाठी नव्हतं. भीतीपेक्षा तिला तेच जास्त लागलं. कासुमीचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, आत कोणी आहे का?"

"नाही," रित्सुको म्हणाली. "मी तसं कोर्टाला लिहून दिलंय."